काच कोणाच्या मापाची?

होंडाची गोल्ड विंग १९७४ साली कोलोनच्या प्रदर्शनात पहिल्यांदा लोकांसमोर आली आणि १९७५च्या मॉडेलपासून विक्रीला लागली. ९९९ सीसीचे, पाण्याने थंड होणारे चार सिलिंडरचे इंजिन, साखळीऐवजी शाफ्ट ड्राइव्ह, अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून निघून दुसऱ्या किनाऱ्याला सहज पोहोचेल असा दमदारपणा, सगळे होते. चालवणाऱ्याच्या समोर मात्र काहीच नव्हते. ना काच, ना फेअरिंग, म्हणजे वारा अडवणारे पुढचे आवरण. एवढी महाग गाडी घेणारा गिऱ्हाईक हँडलवर छाती काढून वारा खाणार होता. पाचच वर्षांनी, १९८० साली, त्याच होंडाने जीएल ११०० इंटरस्टेट ही कारखान्यातूनच फेअरिंग आणि बॅगा घेऊन येणारी गाडी काढली. या घटनेचा रूढ अर्थ असा लावला जातो, की मोठ्या कंपनीला उशिरा जाग आली. मधली पाच वर्षे काचा बनवणाऱ्या छोट्या कारखानदारांनी पैसा केला आणि कंपनी जागी झाल्यावर त्यांचा खेळ संपला. यातला पहिला अर्धा भाग खरा आहे. दुसरा नाही. तो खेळ संपला नाही, अजून जोरात चालू आहे, आणि याचे कारण कंपन्यांचा आळस हे नव्हेच. दूरच्या प्रवासाच्या गाडीवरची काच दोन मापांवर ठरते: एक गाडीचे आणि दुसरे तिच्यावर बसणाऱ्याचे. पहिले माप कारखान्यात मिळते. दुसरे मिळत नाही. बाहेरून काच बसवण्याच्या धंद्याचा सगळा इतिहास या दुसऱ्या मापाभोवती फिरतो.

आधी वाऱ्याचे गणित पाहू, कारण त्याशिवाय पुढचे पटणार नाही. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ५० किलोमीटरला जो रेटा छातीवर येतो, त्याच्या चौपट १००ला येतो. म्हणून शहरात काचेची आठवणही होत नाही आणि महामार्गावर दोन तासांत मान आणि खांदे भरून येतात. काच लावली की छातीवरचा हा रेटा कमी होतो, इथपर्यंत सगळ्यांचे एकमत असते. गोम पुढे आहे. काचेच्या वरच्या कडेवरून सुटलेला वारा सरळ रेषेत निघून जात नाही. काचेच्या मागे हवेचा दाब कमी झालेला असतो. त्या पोकळीकडे वारा ओढला जातो, कडेपाशी भोवरे सुटतात आणि कडेच्या मागे ढवळलेल्या हवेचा एक पट्टा तयार होतो. हेल्मेट या पट्ट्याच्या वर असेल तर स्वच्छ वारा लागतो, खाली असेल तर शांतता मिळते, आणि नेमके पट्ट्यात सापडले तर डोके गदगदा हलते आणि कानात ढोल वाजतात. बिनकाचेच्या गाडीपेक्षाही हा त्रास वाईट. पट्टा कुठे पडणार हे काचेची उंची, तिचा कल, सीटपासूनचे तिचे अंतर आणि बसणाऱ्याच्या धडाची लांबी यांवर ठरते. यातल्या एकाही गोष्टीत चार-पाच सेंटिमीटरचा फरक पडला की निकाल उलटतो. त्यामुळे एकाने डोक्यावर घेतलेली काच दुसरा महिन्याभरात काढून टाकतो, आणि दोघेही खरे बोलत असतात.

सुरुवातीच्या काळात प्रश्न इतका नाजूक नव्हता, कारण पारदर्शक साहित्यच धड नव्हते. साधी काच जड आणि फुटली तर चेहऱ्यावर येणारी. सेल्युलॉइड हलके, पण पिवळे पडणारे आणि पेट घेणारे. १९३३ साली जर्मनीत ओटो रोएमच्या कंपनीने ॲक्रिलिकचा पारदर्शक पत्रा ‘प्लेक्सिग्लास’ या नावाने बाजारात आणला आणि वाट मोकळी झाली. महायुद्धात विमानांच्या कॉकपिटवरच्या घुमटांसाठी हे साहित्य प्रचंड प्रमाणात बनले, त्याला गरम करून वळवण्याचे कसब कारागिरांच्या हाती बसले. अमेरिकेत इलिनॉय राज्यातली नॅशनल सायकल ही कंपनी १९३७पासूनची. मोटारसायकलींच्या काचांच्या धंद्यात ती आजही आहे. त्या जमान्यातली काच म्हणजे हँडलला क्लॅम्पने अडकवलेला उंच, सपाटसा पत्रा. पोलीस आणि लांब पल्ल्याचे हौशी प्रवासी हे तिचे गिऱ्हाईक. दिसायला ओबडधोबड, पण एक गुण तिच्यात होता जो पुढच्या कित्येक देखण्या फेअरिंगांत नव्हता: क्लॅम्प सैल करून ती वर-खाली सरकवता येई आणि तिचा कल बदलता येई.

कारखान्यांनी हे काम अंगावर घेऊनच पाहिले नाही असे नाही. ब्रिटनमध्ये व्हिन्सेंट कंपनीने १९५४च्या अखेरीस ब्लॅक प्रिन्स आणि ब्लॅक नाइट या गाड्या दाखवल्या. पुढून मागून फायबरच्या आवरणात झाकलेल्या, समोर काच असलेल्या, चांगले कपडे घालून कामावर जाता यावे अशा कल्पनेने रचलेल्या. आवरणे वेळेवर मिळेनात, गिऱ्हाइकांना रूप रुचेना, आणि १९५५ सरता सरता कंपनीने मोटारसायकली बनवणेच थांबवले. अर्थात व्हिन्सेंटच्या अंताला पैशांची चणचण हे मोठे कारण होते. सगळे खापर फायबरवर फोडणे अन्यायाचे होईल. त्यापेक्षा बोलके उदाहरण १९५८च्या एरियल लीडरचे आहे. २५० सीसीची ही टू-स्ट्रोक गाडी व्हॅल पेज यांनी मुळापासून झाकलेली म्हणून रचली. काच आणि पायांपुढचे पत्रे तिच्या अंगातच होते. म्हणजे मूळ रचनेतच वाऱ्याचा विचार केलेली गाडी. तरी कंपनीच्या जादा सामानाच्या यादीत काय होते? मूळ काचेच्या डोक्यावर बसवायचा, उंची वाढवणारा एक तुकडा. काचेचे एकच माप सगळ्यांना पुरत नाही हे कारखान्याने स्वतःच असे कबूल करून ठेवले होते. शिवाय थोड्याच काळात एरियलला त्याच इंजिनाची ॲरो ही उघडी, स्वस्त गाडी काढावी लागली, कारण सगळ्यांनाच झाकलेली गाडी नको होती.

त्याच सुमाराला शर्यतीच्या मैदानावर वाऱ्याचा अभ्यास फार पुढे गेला होता. इटलीत मोतो गुत्झीने मांदेल्लो देल लारिओच्या आपल्या कारखान्यात आख्खी गाडी स्वारासकट मावेल असा वाऱ्याचा बोगदाच बांधला होता. पुढचे चाकही पोटात घेणारी ‘डस्टबिन’ फेअरिंग वेग वाढवायला नामी होती, पण आडव्या वाऱ्यात ती शिडासारखी धरली जाई. एफआयएम या जागतिक संघटनेने १९५७च्या मोसमानंतर तिच्यावर बंदी घातली. या बंदीचा दाखला अजूनही दिला जातो: पाहा, मोटारसायकलीपुढे मोठा पत्रा लावणे धोक्याचे. दाखला चुकीच्या जागी वापरला जातो. डस्टबिन पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी झाकत होती. आडव्या वाऱ्याचा जोर गाडीच्या पुढच्या टोकावर पडे आणि गाडी वळवली जाई. प्रवासी काचेचा धोका निराळा आहे, आणि तो ती कशाला बांधली आहे यावर ठरतो. हँडलला बांधलेली उंच काच वाऱ्याचा प्रत्येक धक्का थेट स्टिअरिंगला पोहोचवते. चेसिसला बांधलेली काच तो गाडीच्या सांगाड्याला देते आणि हँडल मोकळे राहते.

हा भेद १९६०च्या दशकाच्या अखेरीस नीट पुढे आला. हार्ले-डेव्हिडसनने १९६९ साली इलेक्ट्रा ग्लाइडवर वटवाघळाच्या पंखांच्या आकाराची फेअरिंग दिली. ती फोर्कवर बसवलेली, हँडलबरोबर वळणारी. इलिनॉयमध्येच क्रेग व्हेटर हा इंडस्ट्रियल डिझाइन शिकलेला तरुण १९६६पासून फेअरिंग बनवत होता. ट्रायम्फची एक्स-७५ हरिकेन याच माणसाने रचलेली. १९७०च्या दशकात त्याच्या विंडजॅमर फेअरिंगने अमेरिकन महामार्ग भरून टाकले. तिची कल्पना धंद्याच्या दृष्टीने फार हुशारीची होती. मुख्य अंग एकच ठेवायचे. होंडा असो, कावासाकी असो की बीएमडब्ल्यू, प्रत्येक गाडीसाठी फक्त लोखंडी ब्रॅकेटचा सांगाडा वेगळा बनवायचा, आणि तो चेसिसला बोल्टने आवळायचा. गाडीचे माप ब्रॅकेटने सांभाळले. हेडलाइट फेअरिंगमध्ये गेला, त्यामुळे हँडलवर वजन आणि वारा दोन्ही राहिले नाहीत. आतल्या बाजूला दोन्हीकडे सामान ठेवायचे कप्पे मिळाले. आणि वरची काच हा अख्ख्या फेअरिंगचा वेगळा, स्क्रू काढून बदलता येणारा भाग राहिला. बसणाऱ्याचे माप तिथे सांभाळले गेले. व्हेटरने १९७८ साली कंपनी विकली आणि पुढे १९८०च्या दशकात ती बुडाली. त्या फेअरिंगसाठी काचा मात्र त्यानंतर कित्येक वर्षे इतर कारखाने बनवत राहिले. अंगाचा जन्मदाता गेला तरी काचेची मागणी गेली नाही.

१९८०पासून कारखान्यांनी फेअरिंग खरोखर आपल्याकडे घेतली. इथेच पहिला गंभीर आक्षेप येतो. ज्यांच्याकडे वाऱ्याचे बोगदे आहेत, शेकडो इंजिनिअर आहेत, त्यांनी घालून दिलेली काच काढून एखाद्या छोट्या कारखान्याचा वाकवलेला पत्रा लावायचा, यात शहाणपण कुठले? हा आक्षेप हलका नाही. बीएमडब्ल्यूच्या १९७६च्या आर १०० आरएसची फेअरिंग हान्स मूट यांनी पिनिनफारिना या इटालियन डिझाइन कंपनीच्या वाऱ्याच्या बोगद्यात घासून-तासून तयार केली. त्या तोडीचे काम कुठल्याही गल्लीतल्या कारखान्यात होणे शक्य नव्हते. पण पुढे काय झाले ते पाहा. दोनच वर्षांत, १९७८ साली, त्याच कंपनीने त्याच इंजिनाची आर १०० आरटी काढली: हँडल उंच, बैठक ताठ, काच मोठी. आरएसवर बसणारा थोडा वाकून बसे, म्हणून बुटकी काच पुरे. ताठ बसणाऱ्या प्रवाशाला ती पुरेना. बोगद्यातल्या इंजिनिअरांना वाऱ्याबद्दल सगळे ठाऊक होते, आणि म्हणूनच त्यांना दोन गाड्या कराव्या लागल्या. बोगदा एका ठरलेल्या बैठकीचे, एका ठरलेल्या उंचीच्या स्वाराचे उत्तम उत्तर देतो. खरेदीदार पाच फूट तीन इंच असेल की सहा फूट दोन, त्याने सीट बदलली आहे का, हेल्मेट कोणते घातले आहे, मागे ट्रंक लावली आहे की बायको बसली आहे, हे प्रश्न बोगद्यापर्यंत पोहोचत नाहीत. हार्लेचा अनुभव तर आणखी गमतीचा आहे. १९८०च्या टूर ग्लाइडवर त्यांनी चेसिसला बांधलेली, तर्काने सरस फेअरिंग आणली. १९८३ साली त्याच सांगाड्यावर फोर्कला बांधलेली जुनी पंखवाली फेअरिंगही परत विकायला घेतली, कारण गिऱ्हाइकांचा जीव तिच्या रूपात अडकला होता. निवड करताना माणूस फक्त वारा मोजत नाही, हेही या इतिहासात मान्य करावे लागते. पण तेवढ्यावरून काचेचा सगळा धंदा म्हणजे नट्टापट्टा असे म्हणणाऱ्याने आरएस आणि आरटी शेजारी उभ्या करून बघाव्यात.

दुसरा आक्षेप हेल्मेटवाल्यांचा. १९६८ साली बेल कंपनीचे ‘स्टार’ हे रस्त्यावरच्या स्वारांसाठीचे पूर्ण तोंड झाकणारे हेल्मेट आले. तेव्हापासून डोळ्यांत किडे आणि धूळ जाण्याचा प्रश्न हेल्मेटनेच सोडवला, मग काचेची गरज काय? डोळ्यांपुरते हे बरोबर आहे. छातीवरच्या रेट्याचे काय, हे हेल्मेटला विचारून उपयोग नाही. आणि आवाजाचे म्हणाल तर हेल्मेट हाच अर्धा प्रश्न आहे. महामार्गाच्या वेगाला हेल्मेटच्या आतला वाऱ्याचा आवाज ९० डेसिबलच्या घरात किंवा त्याच्याही वर जातो, आणि तासन्‌तास तेवढा आवाज कानांना इजा करतो. हेल्मेट ढवळलेल्या पट्ट्यात सापडले तर हा आवाज वाढतो. म्हणून पूर्ण हेल्मेट आल्यावर काचेची गरज संपली नाही, तिची कामगिरी बदलली. आधी तिने वारा अडवायचा होता. आता अडवलेला वारा कुठे सोडायचा हे ठरवायचे आहे. काही जुने स्वार उंच काच काढून मुद्दाम बुटकी लावतात आणि सुखी होतात, ते यामुळे. धडाला आडोसा आणि डोक्याला स्वच्छ, सरळ वारा ही जोडी पुष्कळ वेळा उंच काचेमागच्या अर्धवट शांततेपेक्षा बरी पडते.

तिसरा आक्षेप यंत्राचा, आणि तोच सगळ्यांत ताकदीचा. १९९०च्या दशकात बीएमडब्ल्यूच्या आर ११०० आरटीसारख्या गाड्यांवर बटण दाबून वर-खाली होणारी काच आली. माप हाच प्रश्न असेल तर तो इथे सुटला ना? बराचसा सुटला, हे कबूल. पण मोटर काचेची उंची बदलते, आणि तिच्याबरोबर थोडा कल. रुंदी बदलत नाही, वरच्या कडेचा बाक बदलत नाही. रुंद खांद्यांच्या माणसाचे खांदे बाहेरच राहतात. खाली केलेली काचही उन्हाळ्यात काहींना जास्तच होते. याला पुरावा शोधायला लांब जायला नको. बीएमडब्ल्यू, होंडा, हार्ले या कंपन्या आपापल्या सामानाच्या कॅटलॉगात एकाच गाडीसाठी दोन-तीन निरनिराळ्या काचा स्वतःच विकतात. हार्लेच्या यादीत तर त्या इंचांच्या मापाने लावलेल्या असतात. म्हणजे कारखान्याने बाहेरच्या धंद्याला हरवले नाही, तो त्या धंद्यात उतरला. उरलेली जागा छोट्यांनी चोख ओळखली आहे. जर्मनीच्या एमआरएची ‘व्हॅरिओ’ काच कडेवर हलता पंख लावून वाऱ्याची दिशा बदलते. अमेरिकेतल्या मॅडस्टॅडचे ब्रॅकेट काच आणि फेअरिंग यांच्यात फट ठेवते. तिथून थोडा वारा आत शिरला की काचेमागची दाबाची पोकळी भरते आणि डोक्यावरचे भोवरे शांत होतात. जुन्या क्लॅम्पवाल्या पत्र्यात उंची आणि कल बदलण्याची जी सोय होती, तीच अशी अधिक समजुतीने परत आली.

आपल्याकडे या धंद्याला जोर आला तो गेल्या दहा-पंधरा वर्षांत. २०१६ साली आलेल्या रॉयल एनफिल्ड हिमालयनवर छोटी काच होती. २०२०च्या मीटिऑर ३५०मध्ये ती फक्त ‘सुपरनोव्हा’ या वरच्या प्रकाराला मिळाली. आणि आकुर्डीच्या बजाजने ऑक्टोबर २०२१मध्ये डॉमिनार ४०० विकताना उंच व्हायझर, कॅरियर असा प्रवासाचा साज कारखान्यातूनच बसवून द्यायला सुरुवात केली. तोपर्यंत डॉमिनारवाले हे सगळे बाहेरून बसवून घेत होते. इंटरस्टेटचाच धडा, ४१ वर्षांनी, पुण्यात. फरक इतकाच, की अमेरिकन काचा ज्या माणसांना गृहीत धरून कापलेल्या असतात त्यांच्यापेक्षा आपला सरासरी स्वार बुटका आहे, आणि आपले ऊन कडक आहे. बाहेरून मागवलेली ‘टूरिंग’ काच त्यामुळे पुष्कळदा डोळ्यांच्या वर जाते आणि तिच्यातून पाहत चालवावे लागते. दिवसा ते निभते. पावसात आणि रात्री समोरून हेडलाइट आला की ओरखड्यांवर प्रकाश फुटून रस्ता दिसेनासा होतो, कारण काचेला वायपर नसतो. म्हणून हेल्मेट आणि जॅकेट घालून, नेहमीसारखे सैल बसून बघावे: काचेची कड नाकाच्या शेंड्याच्या आसपास दिसली पाहिजे, रस्ता तिच्यावरून दिसला पाहिजे. विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचा तुकडा चिकटपट्टीने लावून हे जागच्या जागी तपासता येते. वेगात बसल्या जागी थोडे उठून किंवा वाकून पाहिले, की ढवळलेला पट्टा कुठे आहे ते कळते: वर उठल्यावर डोके शांत होत असेल तर बुटकी काच हवी, वाकल्यावर होत असेल तर उंच.

साहित्याची निवड मात्र साधी आहे. ॲक्रिलिक स्वच्छ दिसते, ओरखडे कमी घेते, आणि दणका बसला की तडकते. स्क्रूच्या भोकापाशी जास्त आवळले तरी तडा जातो, म्हणून तिथे रबरी वॉशर लागतात. पॉलिकार्बोनेट हातोडीलाही दाद देत नाही, पण वरचा कडक थर नसेल तर लवकर ओरखडते, आणि पेट्रोल किंवा अमोनियाचे ग्लास क्लीनर लागले की धुरकट होऊन बारीक भेगा धरते. घाटातून आल्यावर काचेवर सुकलेले किडे सुक्या फडक्याने घासणारा दोन्ही साहित्यांचे सारखेच नुकसान करतो. ओले फडके दहा मिनिटे नुसते पसरून ठेवले, की ते आपोआप सुटतात. आणि उंच निघालेली ॲक्रिलिकची काच फेकून देण्याची गरज नसते: कागदी चिकटपट्टी लावून, बारीक दातांच्या करवतीने हळूहळू कापून, कड पॉलिश पेपरने घासली, की दोन इंच कमी करता येतात. आधी एकच इंच कापावा, चालवून बघावे आणि मग दुसरा.